नवे लाहुरे

नेपाळमधून परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला आपल्याच सरकारचा एक कागद जवळ बाळगावा लागतो. तिकडे सगळे त्याला ‘एनओसी’ म्हणतात. आपल्याकडे सोसायटीचा किंवा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला असतो, त्याच जातीचा हा दाखला. अमुक विद्यार्थी अमुक देशात अमुक विषय शिकायला जात आहे, आमची हरकत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. पण तो नसेल तर बँक फीसाठी परकीय चलन देत नाही आणि विमानतळावरचा अधिकारी पुढे सोडत नाही.

२०२२-२३ या एका आर्थिक वर्षात नेपाळ सरकारनं असे एक लाखाहून अधिक दाखले दिले. पुढच्या वर्षीही आकडा लाखाच्या वरच राहिला. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९२ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण चौथा हिस्सा. त्यातून दरवर्षी लाखभर तरुण हा कागद घेतात. २०२२-२३ मध्ये शिक्षणाच्या नावानं देशाबाहेर गेलेली रक्कम दहा हजार कोटी नेपाळी रुपयांहून जास्त होती. नेपाळी एकशे साठ रुपये म्हणजे आपले शंभर. १९९३ पासून हा दर तसाच बांधलेला आहे. तेव्हा आपल्या पैशात सव्वासहा हजार कोटी धरा.

या लाखात सगळे एका माळेचे मणी नसतात. ललितपूरच्या पुल्चोक इंजिनिअरिंग कॉलेजातून किंवा विज्ञानाची पदवी घेऊन अमेरिकेत पीएच.डी.ला जाणारे हुशार विद्यार्थी असतात. त्यांची फी माफ होते, वर वर्गावर शिकवण्याचे पैसे मिळतात. डॉक्टर व्हायला बांगलादेशात, चीनमध्ये जाणारे असतात. पण मला आज सांगायचं आहे ते ज्यांचा लोंढा सगळ्यांत मोठा आहे त्यांच्याविषयी. बारावी झाली, मिसरूड फुटली की ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा किंवा ब्रिटनची वाट धरणारी ही मुलं. आणि मुली. मुलींची संख्या मुळीच कमी नाही.

आकड्यांत माणूस दिसत नाही, म्हणून एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू या. ती एकटी कुणी खरी नाही, हजारोंच्या हकिगतीतून बनलेली समजा. लमजुंग जिल्ह्यातली म्हणू. पोखऱ्याच्या पूर्वेला हा डोंगराळ मुलूख. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांत मका आणि कोदो. कोदो म्हणजे आपली नाचणीच. वडील कतारमध्ये. घरी आई, एक म्हैस, धाकटा भाऊ. मुलगी ‘बोर्डिंग’मध्ये शिकली. नेपाळात खासगी इंग्रजी शाळेला बोर्डिंग म्हणतात, तिथे वसतिगृह असो वा नसो. वडिलांच्या पगारातला पहिला घास त्या शाळेनं घेतला.

नेपाळात दहावीच्या परीक्षेला कित्येक पिढ्या ‘फलामे ढोका’ म्हणत आल्या. फलाम म्हणजे लोखंड; लोखंडी दरवाजा. गणित आणि इंग्रजी या त्याच्या दोन कड्या. जुनं नाव एसएलसी. २०१६ साली सरसकट गुणांऐवजी श्रेणी आल्या, २०१७ पासून नाव बदलून एसईई झालं आणि काही वर्षं दरवाजा सताड उघडाच राहिला, कारण नापास हा शब्दच गेला. मग किमान गुणांची अट परत आली. २०२४ च्या निकालात निम्म्याहून कमी मुलं पुढे जायला पात्र ठरली. आपली मुलगी ठरली, असं धरू.

हा दरवाजा एकेकाळी नेपाळात नव्हताच. १९३४ साली एसएलसी परीक्षा सुरू होण्यापूर्वी मॅट्रिकला बसायचं तर नेपाळी मुलाला कलकत्ता गाठावं लागे. राणा घराण्याची सत्ता होती. पंतप्रधानपद त्यांच्याच घरात वारशानं फिरे, राजा नावापुरता. या घराण्यातला पहिला पंतप्रधान जंगबहादूर १८५० साली इंग्लंडला जाऊन आला आणि त्यानं इंग्रजी शाळा काढली, ती आपल्या घरच्या मुलांसाठी. रयतेच्या मुलांनी शिकू नये, हे त्या राजवटीचं धोरणच होतं म्हणा ना. पहिलं कॉलेज, काठमांडूचं त्रि-चंद्र, १९१८ साली निघालं. ते काढताना पंतप्रधान चंद्र शमशेर म्हणाला होता की मी माझ्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतोय, अशी गोष्ट नेपाळात सांगतात. खरंखोटं काही असो, कुऱ्हाड लागली खरी. पण त्या कॉलेजचीही पदवी स्वतःची नव्हती. ती आधी कलकत्ता आणि पुढे पाटणा विद्यापीठाची असे. १९५२-५४ च्या जनगणनेत नेपाळची साक्षरता पाच टक्क्यांच्या आसपास होती. २०२१ मध्ये ती शहात्तर टक्के झाली. सत्तर वर्षांत एवढी मजल मारणाऱ्या देशाला मागास म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच चंद्र शमशेरनं १९०२ साली आठ तरुणांना शिकायला जपानला धाडलं होतं. कलकत्त्याहून बोटीनं गेले. खाणकाम, शस्त्रं, शेती असे विषय शिकले. येताना त्यांनी तिकडची झाडं आणली. नेपाळात हलुवाबेद नावाचं नारिंगी रंगाचं फळ मिळतं, ते मूळचं जपानी. ते या आठ जणांनी आणलं असं सांगतात. विद्या किती रुजली ते राज्यकर्त्यांच्या हाती होतं, झाड मात्र रुजलं. आज जपानमधल्या परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद होते. २०२४ साली त्यात चिन्यांच्या खालोखाल नेपाळी होते, साठ हजारांहून अधिक. आठांचे साठ हजार झाले.

ज्यांना जपान शक्य नव्हतं, त्यांना बनारस होतं. बी. पी. कोइराला बनारस हिंदू विद्यापीठात शिकले, कलकत्त्यात वकिली शिकले. पुढे पंतप्रधान झालेले कम्युनिस्ट नेते मनमोहन अधिकारी बनारसलाच होते आणि १९४२ च्या चळवळीत उतरले. नेपाळी काँग्रेसची मुळं कलकत्त्यात, कम्युनिस्ट पक्षाची स्थापनाही कलकत्त्यात, १९४९ साली. मायदेशी पुस्तक उघडायला बंदी, म्हणून शेजारच्या घरी जाऊन वाचलं आणि परत येऊन घरची भिंत पाडली, असा तो काळ. १९५९ साली नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, बी. पी. पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी देशाचं पहिलं विद्यापीठ, त्रिभुवन विद्यापीठ उभं राहिलं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस राजानं सरकार मोडलं आणि बी. पी. तुरुंगात गेले. विद्यापीठ राहिलं.

त्रिभुवन विद्यापीठाचं मुख्य आवार काठमांडूजवळ कीर्तिपूरला आहे. देशातले बहुसंख्य पदवी विद्यार्थी आजही याच विद्यापीठाचे. फी गरिबाला परवडेल अशी. चांगले प्राध्यापक आहेत, चांगलं काम झालेलं आहे, ते विसरून चालणार नाही. तरीही बारावी झालेल्या आपल्या मुलीला तिथे जावंसं का वाटत नाही? तिची थोरली चुलतबहीण तिथे गेली होती, असं समजा. चार वर्षांची पदवी. परीक्षा लांबली, निकाल त्याहून लांबला, चाराची साडेपाच वर्षं झाली. मधेच कुठल्यातरी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेनं कार्यालयाला कुलूप ठोकलं. याला तिकडे तालाबंदी म्हणतात आणि नेपाळी वृत्तपत्रात हा शब्द नित्याचा आहे. ज्या विद्यार्थी चळवळीनं १९७९ साली राजाला सार्वमत घ्यायला भाग पाडलं, तिचाच वारसा सांगणाऱ्या संघटना पुढे पक्षांच्या शाखा झाल्या. पदवी हातात आली तेव्हा बहिणीला मिळाली ती एका बोर्डिंग शाळेत शिकवायची नोकरी; पगार वडिलांच्या कतारच्या पगाराच्या निम्माही नाही. मुलगी हे बघत होती.

काठमांडूत पुतलीसडक, बागबझार, दिल्लीबझार या रस्त्यांवरून चालायला लागलं की इमारती दिसत नाहीत, पाट्या दिसतात. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा, ब्रिटन. इंग्रजीच्या चाचणीची तयारी, जपानी भाषेचे वर्ग, व्हिसाची हमी. या दुकानांना ‘कन्सल्टन्सी’ म्हणतात. मुलीनं प्लस टू काठमांडूत केलं, तेव्हा येताजाता या पाट्या तिनं दोन वर्षं वाचल्या. कन्सल्टन्सीवाला मुलांकडून फारसं काही घेत नाही. त्याला पैसे परदेशातली कॉलेजं देतात, जितके विद्यार्थी पाठवाल तितके. त्यामुळे तुला काय शिकायचंय, हा प्रश्न त्या टेबलावर सगळ्यात शेवटी येतो. आधी विचारतात, गुण किती, इंग्रजीची चाचणी दिलीस का, आणि बँकेत किती दाखवता येतील.

बँकेत दाखवणं, हा या प्रवासातला सगळ्यात अवघड घाट. ऑस्ट्रेलियानं मे २०२४ पासून एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायची अट घातली. आपले सोळा लाखांच्या वर झाले. फी वेगळी, विमान वेगळं. व्हिसाचा अर्ज २०२४ च्या जूनपर्यंत ७१० डॉलरचा होता, तो जुलैत १,६०० चा झाला आणि जुलै २०२५ मध्ये २,००० चा. नकार आला तर हे पैसे परत नाहीत. लमजुंगच्या डोंगरात एवढी रोकड कुणाकडे असते? मग शेत पुढे येतं. नेपाळीत तारणाला ‘धितो’ म्हणतात. जमिनीचं मूल्यांकन होतं, वॉर्डाच्या कार्यालयातून उत्पन्नाचे आणि नात्याचे दाखले निघतात, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर होतं, विक्रम संवताच्या तारखा इसवी सनात बदलतात, कारण आपल्या मुलीचा जन्म तिच्या जन्मदाखल्यात दोन हजार साठच्या दशकात झालेला असतो आणि सिडनीतल्या कारकुनाला वाटतं, ही पोर अजून जन्मायची आहे. शेवटी बँक शैक्षणिक कर्ज मंजूर करते. कोदोचं शेत कागदावर सिडनीला जातं.

हे सगळं कशासाठी, तर शिक्षणासाठी, असं कागद म्हणतो. आई तसं म्हणत नाही. आई म्हणते, पोरगी परदेशी लागली. हा ‘लागली’ महत्त्वाचा.

नेपाळी भाषेत ‘लाहुरे’ असा एक शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात नेपाळी तरुण लाहोरला जाऊन महाराजा रणजितसिंहाच्या फौजेत भरती होत. लाहोरला गेला तो लाहुरे. रणजितसिंहाचं राज्य बुडालं, मग तेच तरुण इंग्रजांच्या गोरखा पलटणीत गेले, तेही लाहुरेच. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात गेले, सिंगापूरच्या पोलिसांत, आखातात गेले. लाहोरशी संबंध तुटून पावणेदोनशे वर्षं होत आली, शब्द तसाच. असाच दुसरा शब्द ‘मुगलान’. जुन्या नेपाळी बोलीत भारत म्हणजे मुगलान, मुघलांचा मुलूख. पोटासाठी माणूस मुगलानात गेला, असं म्हणत. मुघल गेले, इंग्रज आले नि गेले, पण पोटाला भूगोलाची पुस्तकं नवी लागत नाहीत.

कविता लिहिणाऱ्या माणसाला नेपाळचं नाव घेताना लक्ष्मीप्रसाद देवकोटा आठवणारच. त्यांचं ‘मुनामदन’ १९३६ चं. काठमांडूचा मदन पैसे कमवायला ल्हासाला निघतो, बायको मुना नको म्हणते. तो जातो. परतताना वाटेत आजारी पडतो, सोबती टाकून जातात, एक परका तिबेटी त्याला वाचवतो. तो घरी पोचतो तेव्हा मुना राहिलेली नसते. हे छोटंसं काव्य नेपाळात घरोघर पोचलं आहे. थोड्या वर्षांसाठी जातो, कर्ज फेडतो, घर बांधतो आणि येतो, या बोलीवर ते सगळं काव्य उभं आहे. विमानतळावर झेंडूच्या माळा घातलेल्या मुलांच्या कपाळावरचा टिळा बघितला की वाटतं, बोली तीच आहे. ल्हासाच्या जागी फक्त ऑस्ट्रेलिया आलं आहे.

आपली मुलगी सिडनीला उतरली. रॉकडेल, ऑबर्न या उपनगरांत नेपाळी दुकानं आहेत, मोमो मिळतात, दसैं म्हणजे तिकडचा दसरा होतो. ऑस्ट्रेलियात नेपाळात जन्मलेल्यांची संख्या २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाली आणि परदेशी विद्यार्थ्यांत चीन आणि भारतानंतर नेपाळचा क्रमांक लागू लागला. एका खोलीत चौघी. सकाळी कॉलेज, नंतर वृद्धाश्रमात आजीआजोबांना अंघोळ घालणं, भरवणं, किंवा रात्री कार्यालयांची साफसफाई. १ जुलै २०२३ पासूनचा नियम असा की सत्र चालू असताना विद्यार्थ्यानं पंधरवड्यात ४८ तासांहून जास्त काम करायचं नाही. जपानमध्ये आठवड्याला २८ तास. तिथे आधी भाषाशाळा, आणि रात्री जेवणाचे डबे भरण्याचा कारखाना किंवा चोवीस तास उघडं असणारं दुकान.

आता हिशेब करून बघा. बँक खात्यात दाखवलेले पैसे बहुतेकदा दाखवण्यापुरतेच असतात. पुढच्या सत्राची फी कमावून भरायची, खोलीचं भाडं द्यायचं, आणि इकडे धितोवरच्या कर्जाचं व्याजही चालू. ४८ तासांत हे बसत नाही. मग कुणी नियमाबाहेर, हातात रोख घेऊन काम करतं. ते उघड झालं तर व्हिसा जातो, म्हणून मालक कमी पैसे देतो आणि पोरगी तक्रार करत नाही. कुणी महागडं विद्यापीठ सोडून स्वस्तातल्या स्वयंपाकाच्या किंवा गाडीदुरुस्तीच्या कॉलेजात नाव घालतं. मग तिकडचे मंत्री म्हणतात, हे खरे विद्यार्थी नाहीत. मार्च २०२४ पासून ऑस्ट्रेलियानं अर्जात ‘खरा विद्यार्थी’ असल्याचं सिद्ध करायची अटच घातली. ब्रिटननं जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांना येणाऱ्यांना नवरा किंवा बायको सोबत आणायला बंदी केली.

मला या खऱ्याखोट्याच्या भाषेचा राग येतो. वृद्धाश्रमाला माणूस हवा आहे, त्याला कामगार म्हणून व्हिसा द्यायचा नाही. विद्यापीठाला चौपट फी देणारा हवा आहे, त्याला कामाचे तास द्यायचे नाहीत. आणि इकडे काठमांडूच्या सरकारला बाहेरून येणारा पैसा हवा आहे आणि रस्त्यावर बेकार तरुण नको आहेत. या तिघांच्या सोयीनं अठरा वर्षांच्या मुलीला विद्यार्थी हे नाव मिळालं. तिनं ते मागितलं नव्हतं. तिला खरोखर नर्सिंग शिकायचं असेलही. पुष्कळ जणी शिकतात, पास होतात, चांगल्या नोकरीला लागतात, कर्ज फेडतात. रात्रपाळीनंतर शरीररचनेचं पुस्तक उघडणारीला खोटी विद्यार्थिनी म्हणणाऱ्यानं एकदा तशी रात्र काढून बघावी. मी बी.ए. झालो ते दुपारी झोप काढून.

विद्यार्थी आणि कामगार एकाच कातडीत असण्याची किंमत काय असू शकते, हे नेपाळनं ७ ऑक्टोबर २०२३ ला बघितलं. नेपाळच्या सुदूरपश्चिम विद्यापीठाचे शेतीचे विद्यार्थी ‘शिका आणि कमवा’ योजनेत इस्रायलला गेले होते. जाऊन तीनेक आठवडे झाले होते. गाझाच्या हद्दीजवळच्या अलुमिम या किबुट्झवर त्यातले सतरा जण होते. हमासच्या हल्ल्यात दहा जण मारले गेले. एकाला ओलीस धरून नेलं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा मृतदेह परत आला. मजुरी आणि शिक्षण दोन्ही साधेल म्हणून ही पोरं निघाली होती. ज्या भांडणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, ते त्यांच्या अंगावर आलं.

आपणही यजमान आहोत, हे विसरायला नको. नेपाळ्याला भारतात यायला व्हिसा लागत नाही. १९५० च्या तहानं दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या देशात राहायची, काम करायची मोकळीक दिली. भारतीय विद्यापीठांत हजारो नेपाळी विद्यार्थी आहेत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या एका खासगी विद्यापीठात एका नेपाळी विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर मुलांनी निदर्शनं केली, तेव्हा शेकडो नेपाळी विद्यार्थ्यांना वसतिगृहं तडकाफडकी रिकामी करायला लावली. कित्येकांना कटक स्टेशनवर नेऊन सोडलं. तिकिटं नाहीत, परीक्षा तोंडावर. पुढे माफी मागितली गेली, मुलांना परत बोलावलं. पण तोवर काठमांडूनं बजावलं होतं की प्रश्न सुटला नाही तर ओडिशासाठी एनओसी देणं थांबवू. त्या कागदाला तेवढ्यापुरता तरी अर्थ आला. एरवी हरकत न घेणारं सरकार एकदा हरकत घ्यायला उभं राहिलं.

आमच्या कोकणात आंब्याच्या हंगामात नेपाळी कुटुंबं बागा राखतात. वाशीच्या बाजारात जाणाऱ्या पेट्यांमागे त्यांच्या रात्री असतात. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात आणि इतरांपेक्षा लवकर वाचायला लागतात, कारण लिपी तीच. नेपाळी येणाऱ्याला मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचता येतं, अर्थ अर्धामुर्धा लागतो. अडतो तो फक्त ‘ळ’. नेपाळीत ते अक्षरच नाही. बाग राखणारा बाप आणि सिडनीत रात्रपाळी करणारी मुलगी यांच्यात नेपाळी माणूस फारसा फरक करत नाही. त्याच्या लेखी दोघंही लाहुरेच.

मागे राहिलेल्यांचं काय? ८ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूच्या रस्त्यावर तरुण उतरले. समाजमाध्यमांवरची बंदी हे तात्कालिक कारण. त्याच्या आधी काही आठवडे पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशातले थाटमाट दाखवणारी छायाचित्रं मोबाइलवरून फिरत होती. एकाची मुलं परदेशी मजेत शिकतात, दुसऱ्याची धितो ठेवून जातात, हे त्या छायाचित्रांनी कुणी समजावून न सांगता सांगितलं. पहिल्याच दिवशी एकोणीस जण गोळीबारात गेले. त्यात शाळा-कॉलेजच्या गणवेशातली मुलं होती. पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला, सरकार पडलं. १२ सप्टेंबरला हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली सुशीला कार्की यांनी. त्या देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होत्या आणि त्यांनी एम.ए. केलं ते बनारसला, १९७५ साली. त्या शिकून परतल्या होत्या.

परतणं आजही होतं. थोडं होतं. परदेशाची पदवी घेऊन आलेल्याला नेपाळात सरकारी नोकरी हवी असेल तर ती पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे असा दाखला काढावा लागतो. त्याला ‘समकक्षता’ म्हणतात. तो देण्याचं काम वर्षानुवर्षं त्रिभुवन विद्यापीठाचं पाठ्यक्रम विकास केंद्र करत आलं आहे. हे केंद्र कीर्तिपूरला आहे. आपली मुलगी परतली तर सिडनीची कागदपत्रं पिशवीत घालून तिला ती चढण चढावी लागेल आणि खिडकीसमोरच्या रांगेत उभं राहावं लागेल. रांगेत तिच्या पुढे, अजून निकालाची वाट बघणारं कुणीतरी असेल.